पाइपाच्या तोंडात करंगळी

आबा, घाईत लिहितेय, म्हणून अक्षर असं वाकडंतिकडं येतंय. तुम्ही असता तर आधी अक्षरावरूनच बोलला असता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यानंतर जन्मलेल्या पोरांची आता लग्नं झाली, आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. आज लिहितेय, कारण हे ज्याला सांगावं असं दुसरं कुणी मला दिसत नाही. घरात माणसं आहेत, चांगली आहेत, पण मी तोंड उघडलं की म्हणतात, "झालं की आता नीट, कशाला तेच तेच घोकत बसलीयास?" नीट झालंय, हे मलाही कळतं हो. भीती मात्र जागची हललेली नाही. तुमच्याइतका भित्रा माणूस मी जन्मात दुसरा बघितला नाही, म्हणून तुम्हालाच सांगते.

आपल्या मंगळवार पेठेतल्या घरातलं स्वयंपाकघर आठवतंय? ओट्याला लागून मोरी, मोरीत लोखंडी नळ, आणि नळाच्या वर तुम्ही घातलेला दिवा. सणाची गडबड होती, दुसरीकडची कामं अंगावर होती, म्हणून घरचं काम तुम्ही घाईत उरकलं होतंत. तारेसाठीचा लोखंडी पाइप कापला, आतनं तार ओढली, झालं. मी चुलीपाशी बसून शेंगा सोलतेय. आई अनवाणी मोरीत उभी, कळशी भरून झाली म्हणून नळ बंद करायला हात लावते, आणि तशीच राहते. ओरडत नाही, काही नाही. तोंड उघडं, डोळे माझ्याकडं. मला वाटतं ती माझी गंमत करतेय, आणि मी हसते. तेवढ्यात तुम्ही सोप्यातनं आलात, जेवायचा पाट उचललात आणि आईच्या हातावर असा मारलात की ती भिंतीवर जाऊन पडली. कळशी सगळ्या घरभर गडगडत गेली. मला वाटलं आबा आईला मारतायत. मग तुम्ही खाली बसून लहान पोरासारखे रडायला लागलात, तेव्हा कळलं की काहीतरी फार मोठं झालंय.

आई वाचली. तळहातावर एक पांढरा डाग राहिला, तो तिच्याबरोबरच गेला. तुम्ही मात्र त्या दिवसानंतर बदललात. पाइप कापला की कापलेल्या तोंडाला आतून बारीक धार राहते, तार ओढताना तीच धार वरचं आवरण सोलते, आणि मग आतलं तांबं कुठल्यातरी लोखंडाला टेकायची वाट बघत बसतं, हे तुम्हाला आधीही ठाऊक होतंच. ठाऊक असणं निराळं आणि आई मोरीत तशी उभी राहिलेली बघणं निराळं. तेव्हापासून तुम्ही प्रत्येक पाइपाचं तोंड गोल कानशीनं घासायचात, मग त्यात करंगळी घालून सावकाश फिरवायचात. टोचलं की परत घासायचं. टोचायचं थांबलं की वर प्लास्टिकची गोल टोपी, ते बूश, बसवायचं, म्हणजे तार पाइपाच्या काठावर न टेकता बुशाच्या गुळगुळीत ओठावर टेकते. तुमच्याबरोबरचे वायरमन हसायचे. "आला बघा करंगळीवाला, आता जेवायच्या सुट्टीपर्यंत एकच पाइप," म्हणायचे. तुम्ही मान वर करत नव्हतात.

आणखी एक गोष्ट त्याच वर्षापासून सुरू झाली, पण ती मी तेव्हा तुमच्याशी जोडली नाही. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला आपल्या घरातली लाइट जायची. दरवर्षी. उटणं लावून आम्ही मोरीत बसलो, आईनं बंबातलं पाणी काढायला घेतलं, की गप्पकन अंधार. मग आई पणती आणून कोनाड्यात ठेवायची आणि तोंडाचा पट्टा सुरू करायची, "गल्लीत सगळीकडं उजेड हाय, आणि वायरमनच्या घरात अंधार! आपलीच कशी जाती ओ दर वर्षी? त्या बोर्डाच्या हापिसात तुमची एवढी ओळख, एकदा इचारा की!" तुम्ही सोप्यात मीटरपाशी उभे असायचात. तिथूनच म्हणायचात, "येईल की." आणि सगळ्यांची अंगं पुसून झाली की यायची. मला तर तो सणाचाच भाग वाटायचा.

राजारामपुरीतला तो बंगलाही आठवतो. मे महिना, शाळेला सुट्टी, मी तुमच्याबरोबर कामावर. पोरीला कशाला नेता, असं आई म्हणायची, पण तुम्ही न्यायचात. तुम्ही वरच्या मजल्यावर होतात, आणि तुम्हाला खूश करायचं म्हणून मी खालच्या खोलीतला पाइप कापून तारही ओढून टाकली. केवढी तोऱ्यात उभी होते मी! तुम्ही आलात, सगळी तार परत बाहेर ओढलीत आणि बोटानं चाचपत एका जागी थांबलात. लाल आवरणावर पांढरा चरा, आणि त्यातनं केसाएवढं तांबं चमकत होतं. "हे बघ," म्हणलात, "ही भिंत उद्या लिंपणार, परवा रंग लावणार, आणि हे आत असंच ऱ्हाणार. वरनं भिंत कशी झकास दिसंल. तुला भीती वाटली न्हाय हे करताना?" मी छाती काढून म्हणलं, "न्हाय." मला वाटलं शाबासकी मिळेल. तुम्ही माझ्या हातातनं पक्कड काढून घेतलीत. "मग घरी जा. भीती वाटाय लागली की ये." मी रडत रडत चालत घरी आले. इतर पोरींचे बाप धीट हो म्हणून सांगतात, आणि माझा बाप मला घाबरायला शिकवतोय, ह्याचा मला भयंकर राग आला होता.

आणि लग्नात तुम्ही मला काय दिलंत? सगळ्या आहेरात, भांड्याकुंड्यांत, कापडात गुंडाळलेली ती गोल कानस! मूठ सायकलच्या ट्यूबनं गुंडाळलेली, तुमच्या हाताच्या घामानं काळी झालेली. आईनं कपाळावर हात मारून घेतला. "पोरीला लग्नात कानस देत्यात व्हय? सासरची माणसं काय म्हणतील?" सासरची माणसं हसलीच. इतकी वर्षं ती माझ्या स्वयंपाकघराच्या खणात पडून आहे. डब्याचं झाकण घट्ट बसलं की मी तिच्या टोकानं उचकटते. सुनेला वाटतं ती त्याचसाठी केलेली वस्तू आहे.

आता यंदाचं ऐका. कागलच्या पलीकडचं आमचं गाव तुम्हाला ठाऊक आहे, पण गोठा तुम्ही बघितलेला नाही. खाली सिमेंटचा कोबा, वर पत्रा, लोखंडी अँगलचे खांब, आणि त्याच अँगलला बोल्टनं आवळलेली जनावरांची पाणी प्यायची पत्र्याची टाकी. उन्हाळ्यात धारा काढायचं मशीन घेतलं. बसवायला आलेल्या मिस्त्रीनं काम चोख केलं होतं. पण पावसाळ्यात मोटरीवर पाणी ठिबकायला लागलं, म्हणून तुमच्या जावयांनी ती कोपऱ्यात टाकीजवळ सरकवली. पाइप स्वतःच लोखंड कापायच्या आक्सा ब्लेडनं कापला, तारा ओढून घेतल्या, मशीन घुर्रर्र सुरू झालं, आणि मग मला हाक मारून दाखवलं. "बघ, सासऱ्याचं काम शिकलो का न्हाय?" कसला आनंद झाला होता माणसाला! मी भाकरीच्या पिठाचे हात घेऊन दारातूनच हसले आणि चुलीकडं वळले.

त्यानंतर काही दिवसांनी मोठी म्हैस पाणी पिईना. टाकीपाशी यायची, मान लांब करायची, तोंड पाण्याला लावायची आणि झटक्यात मागं घ्यायची. नाक फुरफुरायची, डोळे मोठे करायची. जनावरांचा डॉक्टर आला, जीभ बघितली, दात बघितले, म्हणाला काही नाही. बादलीनं दिलं की घटाघटा पिते, हे बघून तुमचे जावई म्हणाले, "लाडावलीय. हातानं पाजाय पायजे महाराणीला." दुसऱ्या दिवशी त्यांना आठवलं की पेठ वडगावचा एक व्यापारी म्हैस मागून गेला होता. झालं! त्याचीच नजर लागली. गळ्यात काळा दोरा बांधला, दाराला लिंबू-मिरच्या, आणि मीठमोहरी मी स्वतः ओवाळली, आबा. वायरमनच्या पोरीनं ओवाळली. चुलीत टाकल्यावर केवढी तडतडली! आम्ही म्हणलं, बघा, केवढी नजर होती ती. बादली प्लास्टिकची आहे, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं आणि कुणालाच दिसत नव्हतं.

आम्हाला कधी काही जाणवलं नाही, कारण गोठ्यात आम्ही सगळेच गमबूट नाहीतर रबरी चपला घालून जातो. शेणामुतात अनवाणी कोण फिरतंय आता? अनवाणी जायचे दिवस वर्षात थोडेच. त्यातला एक वसुबारस.

त्या दिवशी संध्याकाळी मी बाजरीची भाकरी थापत होते, गवारीची भाजी शिजत होती. सून न्हाऊन आली. केस ओले, हिरवं लुगडं, हातात ताट. तिनं आधीच गोठा धुऊन काढला होता, पूजेसाठी. मी खिडकीतनं बघतेय. ती गोठ्याच्या उंबऱ्यापाशी थांबते, चप्पल काढते, बाजूला नीट ठेवते. पूजेपुरती गाय आणून टाकीच्या अगदी शेजारी बांधलेली, वासरू तिच्या पुढ्यात. गाईच्या पायावर पाणी घालायला पाणी टाकीतनंच घ्यायचं, म्हणून सुनेच्या दुसऱ्या हातात तांब्याचा तांब्या. आणि तेवढ्यात पलीकडं बांधलेल्या त्याच म्हशीनं टाकीला तोंड लावलं आणि झटक्यात मागं घेतलं. माझ्या मनात पहिल्यांदा एवढंच आलं की पोरीच्या पायात चप्पल नाही. आणि लगेच दुसरं आलं, की म्हशीच्या पायात तरी कुठं असते?

आबा, मला मोरीत उभी असलेली आई दिसली. तोंड उघडं, डोळे माझ्याकडं. मी अशी ओरडले की माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "थांब! हात लावू नकोस! हलू नकोस तिथनं!" भाकरी तव्यावर टाकून धावले. सून उंबऱ्यावर एक पाय वर घेऊन पांढरीफटक उभी. "साप हाय काय आत्ती?" ती मला आत्ती म्हणते. मी म्हणलं, "सापाचं काय घेऊन बसलीयास, मागं हो!" सोप्यात येऊन मी मेन स्विच खाली ओढला, आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. तुम्ही आईला पाट मारून का रडलात ते मला तेव्हा कळलं. माझ्या सुनेला तर काही झालंही नव्हतं, आणि तरी मला रडू आवरत नव्हतं.

सगळ्यांना बाहेर काढून, मेन परत लावून, गमबूट घालून मी टाकीला टेस्टर लावला. आतला दिवा मंद पेटला. तुमचे जावई मागं उभे होते. त्यांनी कितीतरी वेळ "असं कसं, असं कसं" चालवलं. मग मेन पाडला आणि मी त्या कापलेल्या पाइपाच्या तोंडात करंगळी घातली. टोचलं, आबा. चांगलंच टोचलं. मोटर थरथरायची, तार त्या काठावर दिवसरात्र घासायची, आणि आवरण सोलून तांबं अँगलला टेकलं होतं. अर्थिंगची तार मोटर सरकवताना निघाली ती परत कुणी जोडलीच नव्हती. म्हैस बिचारी रोज तोंडानं सांगत होती, आणि आम्ही तिला काळा दोरा बांधत होतो. तुमचे जावई तिथंच ओल्या उंबऱ्यावर बसले, नव्या धोतरासकट. "मी कापला की गं त्यो पाइप," एवढंच म्हणाले. मी त्यांना काय बोलणार? तुम्हाला तेव्हा आई तरी काय बोलली होती?

दुसऱ्या दिवशी कागलहून वायरमन आला. नव्या तारा, नवं अर्थिंग, आणि जरा कुठं करंट गळला की आपोआप पडणारा तो स्विच. पाइपाची तोंडं मात्र मी घासली. खणातनं कानस काढली, तेव्हा सून म्हणाली, "आत्ती, झाकणं काढायचं हत्यार कशाला न्हेताय?" घासलं, करंगळी फिरवली, परत घासलं. टोचायचं थांबल्यावर बूश बसवले. वायरमन बघत उभा होता, मध्येच म्हणाला, "काकू, येता का, तुमाला कामाला घेतो." त्या संध्याकाळी म्हशीनं टाकीला तोंड लावलं, जरा थांबली, आणि प्यायली. घरात सगळे हसले. तुमचे जावई तिच्या कपाळावर हात फिरवत कितीतरी वेळ उभे राहिले.

म्हणजे सगळं नीट झालं. मग हे लिहिण्याचं कारण काय, असं तुम्ही विचाराल. कारण आज पाडवा. अंगणात शेणाचे पांडव मांडलेत, म्हशींची शिंगं रंगवलीत, गळ्यात कवड्यांच्या माळा घातल्यात. आणि संध्याकाळी सून परत ओवाळायला निघाली. परत ओले पाय, परत उंबऱ्यापाशी नीट ठेवलेली चप्पल. मी दुपारीच टेस्टर लावून बघितला होता. काही नव्हतं. नवा स्विच बटण दाबून पाडून बघितला होता. पडत होता. म्हैस पाणी पीत होती. मला सगळं ठाऊक होतं, आबा. आणि तरी मी हातातलं टाकलं, गुपचूप सोप्यात गेले, आणि मेन खाली ओढला.

आणि त्या मेनवर हात ठेवून अंधारात उभी होते ना, तेव्हा मला तुम्ही दिसलात. दिवाळीची पहाट, मोरीत आई बंबातलं पाणी काढतेय, आम्ही पोरं उटणं लावून कुडकुडतोय, आणि तुम्ही मीटरपाशी उभे. हात वर. इतकी वर्षं तो हात मला आठवत होता, पण मला वाटायचं तुम्ही फ्यूज बघताय. दर वर्षी! आईच्या शिव्या खाल्ल्यात, बोर्डाच्या माणसांना फुकटच्या शिव्या बसू दिल्यात, पण एका शब्दानं बोलला नाहीत. तुम्ही स्वतः परत घासलेले पाइप, तुमच्या करंगळीनं दहादा तपासलेले, आणि तरी तुमचा धीर होत नव्हता. मला वाटत आलं होतं की काम नीट केलं की भीती जाते, म्हणून तुम्ही एवढं नीट करता. जात नाही का हो ती?

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तुमचा पत्ता आता कुणाला ठाऊक? घरात कुणाला दाखवायचंही नाही, कारण ह्यात एक गोष्ट आहे जी मी अजून कुणाला सांगितलेली नाही, आणि सांगायचा विचारही नाही. मेन खाली ओढल्यावर गोठ्यातनं सुनेची हाक आली. ताटातल्या निरांजनाचा उजेड तेवढा हलत होता. "आत्ती, लाइट गेली वाटतं! शेजाऱ्यांच्यात हाय की, आपलीच कशी गेली?"

मी हात तिथंच ठेवला आणि म्हणलं, "येईल की."